बर्फाच्या खोलीतला बेस

आमच्या दोघींचं नातं कळलं की लोक आधी हसतात. मी वहिनी, ती माझी धाकटी नणंद, आणि आम्ही दोघी मिळून ड्रम अँड बेस वाजवतो. भांडतोही. फक्त आमचं भांडण आमटीत मीठ कोणी जास्त टाकलं यावरून होत नाही, ठोका किती पुढे घ्यायचा यावरून होतं.

ड्रम अँड बेस म्हणजे काय, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडलाय. वर ड्रम पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे पळतात आणि खाली घुमणारा बेस अर्ध्या चालीने, आरामात चालतो. पायांनी कोणाचं ऐकायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या सुके बोंबील पाटीत भरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मशीन बिघडली काय गो? बंद करा आदी."

मशीन घरात आणली सासऱ्यांनी. चिंचणीत आणि आजूबाजूला हळदीला साऊंड लावायचा त्यांचा धंदा. माझ्या नवऱ्याला त्यात काडीचा रस नाही. तो कुंभवलीजवळच्या कारखान्यात शिफ्टला जातो आणि घरी आला की त्याला शांतता लागते. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा साऊंड विकून टाकायची बोलणी सुरू झाली. नणंद तेव्हा कॉलेजात होती. ती उठून म्हणाली, "इकायचा नाय. मी लावन." मग माझ्याकडे वळून, "वयनी, तू वायरी धर."

मी मासवणची, शेतावर वाढलेली. वायर म्हणजे कपडे वाळत घालायची, एवढंच मला ठाऊक. पण "बायकांना जमेल का?" असं कोणी म्हटलं की मला ते काम करावंच लागतं, आणि गावात तसं म्हणणाऱ्यांची कमी नव्हती. चार जणांनी उचलायचा स्पीकरचा बॉक्स आम्ही दोघी उचलायला शिकलो.

लोकांची गाणी वाजवता वाजवता नणंदेने मोबाइलवर हे पळणारं संगीत शोधून काढलं. जुन्या लॅपटॉपवर मला बेस रचायला तिनेच शिकवलं. ड्रम तिचे, बेस माझा. हळदीत मधेच आमचं एखादं गाणं घुसवलं की मावश्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. बोईसरला खोल्या करून राहणारी कारखान्यातली पोरं मात्र मांडवाच्या कडेला येऊन ओरडायची, "दीदी, वो भागनेवाला गाना फिर से!" आमचे पहिले रसिक तेच. त्यांच्यातल्या कोणीतरी व्हिडिओ टाकला. त्यावरून बोईसरच्या एका कॅफेने गच्चीवर वाजवायला बोलावलं, मग पालघरच्या एका लॉनवाल्यांनी, मग दोनदा वसईला मैदानात वाजवून आलो. आणि यंदा लग्नसराई संपता संपता मुंबईच्या एका क्लबमधून फोन आला. जुलैतला एक शनिवार, पाऊण तास तुमचा.

पाऊण तास फक्त आमचं, फर्माइशीचं एकही गाणं नाही. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. नणंद म्हणाली, "रडतेस काय, वाजवाचा हाय." तिचेही डोळे काही कोरडे नव्हते.

क्लबने आधी एका दुपारी ट्रायलला बोलावलं. झाडू मारणारे सोडले तर हॉलमध्ये कोणी नव्हतं. आम्ही पहिलं गाणं लावलं आणि बारवरचे ग्लास दाताला दात लागावेत तसे वाजायला लागले. बेसच्या लोंढ्यात ड्रम कुठे गेले ते आम्हालाही कळेना. दुसरं गाणं लावलं, तीच गत. तिसरं आम्ही लावलंच नाही.

चूक आमचीच होती, आणि ती आमच्यासारख्या हळदीवाल्याच करू जाणोत. सगळी गाणी आम्ही घरामागच्या वाळूत, लग्नाच्या बॉक्सवर रचलेली. उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात, बेस उडून जातो, म्हणून आम्ही तो वाढवायचो. आणखी उडाला की आणखी वाढवायचो. आमच्या कानांनी भिंत कधी ऐकलीच नव्हती.

क्लबचा मॅनेजर सभ्य होता, त्यामुळे जास्तच लागलं. "मॅडम, राग मानू नका, हा हळदीचा साऊंड आहे. तुम्ही कोळीगीतांचे रिमिक्स का नाही वाजवत? पारंपरिक साड्या, दागिने... पब्लिक वेडं होईल."

"पब्लिकला वेडं करायला आमच्या साड्या कशाला हव्यात?" मी म्हणाले.

तो हसला. पंधरा दिवसांनी पुन्हा ऐकवा म्हणाला, जमलं तर तुमचं संगीत, नाही तर रिमिक्स. रिमिक्स वाजवायला मला लाज नाही वाटत, ती आमची भाकरी आहे. पण तेच वाजवायचं तर घरून एवढं लांब कशाला जायचं?

घरी पोचल्यावर नणंद म्हणाली, "आपल्याला बंद खोली होवी."

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे दिवस होते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे चुलत सासऱ्यांची बर्फाची खोली रिकामी होती. जाड भिंती, त्यात थर्माकोल भरलेलं, वीतभर जाड दरवाजा. विचारायला गेलो तर त्यांनी चावीच पुढे केली. "मासळी नाय आत, पन वास हाय. चालल?"

चाललं. बॉक्स आत नेले, दरवाजा लावला आणि पहिल्याच ठोक्याला क्लबमधली फजिती जशीच्या तशी कानावर आली. मला तर आनंदच झाला, चूक निदान हाती तरी लागली होती. मग एकेक गाणं उघडून बेस कापायला बसलो. बोलायला सोपं आहे. माझ्या हाताने रचलेला बेस माझ्याच हाताने कापायचा होता.

"वयनी, हा काप."

"नाही कापणार."

"काप गो, माजं ड्रम बुडतान."

एकदा मी तणतणत बाहेर निघून गेले, जेट्टीपर्यंत चालले आणि कापायचं ठरवून परत आले. दोन दिवस ओढण्यांना बांगड्याचा वास होता. नवरा म्हणाला, तुम्ही नक्की वाजवायलाच जाता ना? पण ड्रम मोकळे झाले. बेस कमी झाला आणि तरी पावलाखाली लागायला लागला. आधी तो नुसता छातीवर बसायचा.

दुसऱ्या ट्रायलला ग्लास जागेवर राहिले. क्लबच्या साऊंडवाल्याने मान डोलावली, मॅनेजरने हात मिळवला. आम्ही पेढे घेऊन घरी आलो.

परवा दुपारी बर्फाच्या खोलीत शेवटची उजळणी करत होतो, तेव्हा त्याच मॅनेजरचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. मालकांचं म्हणणं पडलं होतं की भर गर्दीच्या वेळेला शेवटची पंधरा मिनिटं तरी कोळीगीतं हवीत. ती नको असतील तर आम्हाला नऊला, दार उघडताच उभं राहावं लागेल. "खरं सांगतो मॅडम, तेव्हा हॉल रिकामा असतो. अकरापर्यंत कोणी येत नाही."

माझं तोंड उघडायच्या आत नणंद म्हणाली, "नऊला आम्ही येतो," आणि तिने फोन कापला.

मग ती उलट्या क्रेटवर बसली. ही मुलगी तिच्या वडिलांच्या दुखण्यातही मोडलेली मी पाहिली नव्हती. लॅपटॉपच्या झाकणावर बोट फिरवत म्हणाली, "बोलले तर खरी. पन वयनी, एवढा सगला केला, तो भिंतींना ऐकवाला? ड्रम वाजतान आनी समोर एक पन पाय हालत नाय, मला नाय बघवनार."

मला मॅनेजरचा राग आला, मालकाचा आला, अकराला उगवणाऱ्या त्या पब्लिकचाही आला. आणि एकदम एक गोष्ट ध्यानात आली. आमच्याकडे हळदीत सुना नाचतात, सासवा नाचतात, काठी टेकत आलेल्या आज्याही नाचतात. फक्त साऊंडवाल्या नाचत नाहीत. वायरी हातात धरल्यापासून मी साऊंडच्या टेबलामागेच उभी होते.

"तिसरं लाव," मी म्हणाले.

"कशाला?"

"लाव म्हणते ना."

तिने लावलं. मी चपला काढल्या, ओढणी कमरेला आवळली आणि त्या ओल्या लादीवर, बेस जिथे पायाला लागत होता तिथे उभी राहून नाचायला लागले. आधी वाकडीतिकडी, मग नीट. नणंद तोंडावर हात ठेवून बघत राहिली. गाणं संपत आलं तेव्हा तिने डोळे पुसले आणि मला दम खाऊ न देता त्यातच पुढचं मिसळलं.

शनिवारी माझा बेस मी आधीच लॅपटॉपमध्ये भरून देणार आहे, टेबल ती एकटी सांभाळेल. नऊला त्या हॉलमध्ये पहिला माणूस शिरेल, तेव्हा मधोमध एक बाई नाचत असेल.