त्या धड्याचं पुढचं द्या

माझे वडील मी दुसरीत असताना गेले आणि आमचं घर विड्यांवर आलं. भंडारा जिल्ह्यातलं गाव, एक खोली, पुढे पडवी. माय रोज हजार विड्या वळायची. तेंदूपत्ता भिजवायचा, मापात कापायचा, चिमूटभर तंबाखू घालून वळायचा, दोऱ्यानं बांधायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. हजारातल्या दोनशे, म्हणजे आठ कट्टे, माझ्या वाटचे. शाळेतून आले की दप्तर खुंटीला आणि सुपडं मांडीवर. आठ कट्टे झाल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही, आणि आठ कट्टे होईस्तोवर उजेड गेलेला असायचा. माल नेणारा सट्टेदार वाकड्या विड्यांचा अख्खा कट्टा बाजूला टाकायचा. माझेच जास्त निघायचे. त्या दिवशी भातावर मीठ.

पडवीत मायसोबत शेजारच्या तिघी विड्या वळायला बसायच्या. चौघींपैकी एकीलाही अक्षर येत नव्हतं. मी सहावीत असताना वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायची परीक्षा होती, म्हणून एक दिवस मायनं सवलत दिली. मी पडवीतच मराठीचा धडा वाचायला घेतला. पुराचं पाणी गोठ्यात शिरलंय, एक बाई म्हशीचं दावं सोडायला छातीभर पाण्यात उतरते, दाव्याची गाठ पाण्यानं फुगलेली, सुटता सुटत नाही. आणि तिथे धडा संपला.

"मंग?" तिघींतल्या एका मावशीनं विचारलं.

"मंग काही नाही. धडा संपला."

"संपला म्हंजे? म्हैस सुटली का नाही?"

"ते इथे नाही दिलं. खाली प्रश्न आहेत. नायिकेचे गुण तुमच्या शब्दांत लिहा."

"तिचे गुण गेले चुलीत! ते बाई जित्ती आहे का मेली, थे सांग!"

मी पान उलटून दाखवलं. पुढचा धडा सौरऊर्जेवर होता. चौघींचे हात थांबले होते. धड्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा उतारा अमुक कादंबरीतून घेतला आहे. ते मी वाचलं आणि मायला कळलं की पुढचं कुठेतरी आहे.

दुसऱ्या दिवशी माय शाळेच्या दारात उभी. अंगाला तंबाखूचा वास, नखं काळी. ती त्याआधी शाळेत फक्त माझं नाव घालायला आली होती. मराठीच्या सरांना म्हणाली, "त्या धड्याचं पुढचं द्या."

सर म्हणाले, "कोणाला वाचायचंय?"

"मले आयकाचं आहे. वाचंल माही पोरगी."

सरांनी कपाट उघडलं. त्या शाळेत असं कपाट आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेव्हापासून पडवीत नवा करार झाला. मी वाचायचं, आणि चौघींनी दोन-दोन कट्टे जास्त वळून माझे आठ भरायचे. कट्टे भरले की मी पुस्तक मिटायची, मग गोष्ट कुठेही असो. त्या ओरडायच्या, "काहून थांबली व?" मी म्हणायची, "कट्टे झाले." मग कोणीतरी सुपड्यात आणखी पानं ओढायची आणि म्हणायची, "घे, हा नववा तुह्याच नावाचा. वाच." म्हैस सुटली होती, हे जाता जाता सांगून ठेवते.

बारावीपर्यंत असंच चाललं. मग नागपूरला इंजिनियरिंग. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना मान वर करून सांगते.

आता गोष्ट रॉटरडॅमच्या बाजूची. मी कापेल आन डेन आयसेलला राहते, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. आमचं इथल्या बौद्ध मराठी कुटुंबांचं एक छोटं मंडळ आहे. वस्तीतल्या सभागृहाची एक खोली जयंतीच्या कार्यक्रमासाठी मिळायची, आणि त्या खोलीत एक कपाट आमचं होतं. मंडळाचा एक नियम होता, जो भारतात जाईल त्यानं येताना एक किलो पुस्तकं आणायची. लोणच्याची एक बरणी कमी, पुस्तकं जास्त. अशी दोनशे अकरा पुस्तकं जमली होती. जमली होती, एवढंच. आणणारा कपाटात ठेवायचा, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. झालं.

करोनाच्या दुसऱ्या जानेवारीत सभागृहवाल्यांचं पत्र आलं. इमारतीचं काम काढणार, मार्चअखेर कपाट रिकामं करा. आमचे अध्यक्ष, मी त्यांना दादा म्हणते, त्यांनी मला फोन केला.

"ताई, भावना मलाही आहेत. पण एवढी पुस्तकं ठेवणार कोणाच्या घरात? कागदाच्या डब्यात टाकू. इथे रिसायकल तरी होतात."

"दादा, रद्दीत?"

"मग कोण वाचतं? पुस्तकं नेणाऱ्यांच्या वहीत बघ. दोन वर्षांत सात नावं आहेत. त्यात तीन तुझीच."

वहीत खरंच तसं होतं. मी म्हटलं, मला मार्चअखेरपर्यंत वेळ द्या. दोनशे अकराच्या दोनशे अकरा लोकांच्या घरी पोचवते. दादा हसले आणि म्हणाले, पोचव. त्यांना वाटलं असणार, बोलतेय तर बोलू दे.

मग मी काय केलं? आपण जे नेहमी करतो तेच. कार्यक्रम ठेवला! झूमवर, विषय "वाचनाचे महत्त्व". बॅनर केला, त्यात माझा फोटो सगळ्यात मोठा. वंदना, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत, मग माझं भाषण पंचवीस मिनिटं, मग आभार. दोन तास. चाळीस कॅमेरे बंद. शेवटी मी विचारलं, कोणाला कोणतं पुस्तक हवंय? एक जण म्हणाला, ताई रेकॉर्डिंग पाठवा. एका वहिनीनं चॅटमध्ये लिहिलं, सुंदर भाषण. पुस्तक कोणीही मागितलं नाही. एकसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मायला फोनवर सांगितलं. रडकुंडीलाच आले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू वाचली का नुसतीच बोलली?"

"बोलले."

"मंग? आमी काय तुह्यं भाषण आयकून बसत होतो का व पडवीत?"

दोन तासांच्या त्या वाचनाच्या कार्यक्रमात कोणी एक ओळ वाचली नव्हती!

मग मी दादांना विचारून पुस्तकंच घरी आणली. शेजाऱ्याकडून बाकफीट्स मागून घेतली, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, इथे आईबाप त्यात पोरं बसवून नेतात. पाच फेऱ्या झाल्या, आणि आमच्या घरामागच्या सायकलींच्या खोलीत चारी भिंतींना पुस्तकं लागली. ग्रुपवर एक ओळ टाकली: उद्यापासून संध्याकाळी सहाला वीस मिनिटं वाचणार. कॅमेरा नको, बोलायला नको, फोन ओट्यावर ठेवा आणि आपापल्या चपात्या करा.

पहिल्या दिवशी नऊ जण. एक कादंबरी घेतली होती. पोस्टमन आजारी पडतो, त्याची बायको त्याची पिशवी घेऊन टपाल वाटायला निघते. शाळेत गेलेली नाही, पण घराघराची पत्रं पाकिटाच्या रंगावरून ओळखते. शेवटी पिशवीच्या तळाशी एक पत्र उरतं आणि ते तिच्याच नावाचं असतं, असं शेजारचा म्हातारा तिला वाचून सांगतो. ती पाकीट फोडते. मी पुस्तक मिटलं.

मग सगळे माइक एकदम उघडले. कुकरच्या शिट्ट्या, पोरांचा गोंधळ, आणि त्यातून, "अहो ताई! पुढे?"

"पुढे पुस्तकात आहे. पुस्तक माझ्या दारात आहे."

"ताई, हे बरोबर नाही हं."

"बरोबर नाहीच. या आणि घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग चालू असताना बेल वाजली. दूर स्लोटरडाइक स्टेशनाजवळ नोकरी करणारा, तिथेच एकटा राहणारा एक मुलगा मास्क लावून दारात उभा. त्या दिवसांत घरात एकाच पाहुण्याला परवानगी, पण तो आत आलाच नाही. पुस्तक घेतलं आणि परतीची गाडी धरली. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: स्लोटरडाइक कधी गेलं कळलं नाही, गाडी शेवटच्या स्टेशनात रिकामी झाली तेव्हा उठलो.

ते पुस्तक एकच होतं. मागायला सहा जण. त्यांना म्हटलं, रांगेत राहा, तोवर उद्याचं ऐका. रोज नवं पुस्तक, रोज वीस मिनिटं, रोज गाठ सुटायच्या आधी थांबायचं. नऊचे तीस झाले. एक मागणाऱ्याच्या पिशवीत मी आणखी दोन-तीन घालायची. पिशव्या सायकलच्या हँडलला लावून मी शनिवार-रविवार रॉटरडॅमभर फिरले. दारात ठेवायची, बेल वाजवायची, दोन पावलं मागे. लोक खिडकीतून ओरडायचे, "दुसरा भाग आहे का?"

घरात माझी दहा वर्षांची मुलगी. तिला मराठी कळतं, उत्तर डचमध्ये देते. ताटं मांडता मांडता ऐकायची आणि मी पुस्तक मिटलं की म्हणायची, "एन तून?" म्हणजे आमच्या पडवीतलं "मंग?" मी तिलाही तेच उत्तर दिलं, पुस्तकात आहे. ती भडकली. म्हणाली, मला ती अक्षरं धड येत नाहीत हे तुला माहीत आहे, ही चीटिंग आहे. मी म्हटलं, अक्षरं विचार, गोष्ट विचारू नकोस. तिनं पुस्तक सोफ्यावर फेकलं. अर्ध्या तासानं उचललं. पहिलं पान तिनं बोट ठेवून ठेवून चाळीस मिनिटांत वाचलं, आणि जोडाक्षराला अडली की मला नाही, फोन लावून आजीला विचारायची. आजीला कुठे येतंय! आजी म्हणायची, "मले काय विचारते? तूच वाच आन् मले सांग." दोघींचं छान जमलं. माझी गरजच उरली नाही.

एक गोष्ट मात्र बिघडली होती. सहाला मी वाचत बसायची, आमच्या चपात्या राहायच्या, नवऱ्याला भातापलीकडे काही येत नाही. रोज भात. फेब्रुवारीत एका संध्याकाळी वाचन संपवून दार उघडलं तर कडीला पिशवी. आत फॉइलमध्ये गुंडाळलेल्या गरम चपात्या. दोन गल्ल्यांपलीकडच्या वहिनींनी ठेवल्या होत्या, त्याच "सुंदर भाषण"वाल्या. मी फोन केला.

"अहो वहिनी, हे कशाला?"

"तुम्ही वाचत होता ना? मग तुमच्या चपात्या कोण करणार? माझ्यासोबत लाटल्या."

विड्यांचं मी इथे कोणाला कधी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत असायचं कारण नाही. मी मोजल्या, आठ होत्या. दारातच उभी राहून एक कोरडी खाल्ली.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्याही घरात एखादं न उघडलेलं पुस्तक असणार. लोकांना वाचा-वाचा म्हणून सांगत बसू नका, मी सांगून पाहिलंय. कोणाचे हात कामात असतील तिथे जाऊन बसा, मोठ्यानं दहा पानं वाचा आणि नको तिथे थांबा. "वेळ नाही" म्हणणारे तेच लोक तुमच्या मागे लागतील.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चौदा पुस्तकं उरली, कोणालाच नको असलेली. जुन्या स्मरणिका, स्पर्धा परीक्षेचं एक मार्गदर्शक, सोयाबीनवरच्या किडीचं एक. किडीचं पुस्तक विद्यापीठात शेतीवर संशोधन करणाऱ्या एका मुलीनं नेलं, म्हणाली चित्रं चांगली आहेत. उरलेल्या तेरांसाठी दादा स्वतः गाडी घेऊन आले. डब्यात टाकायला नेतायत असं मला वाटलं. एक पुस्तक उघडून ते पहिल्याच पानावर थांबले.

"ह्याच्यावर माझंच नाव आहे ग."

"तुम्हीच आणलं असेल, दादा."

"मीच आणलंय. बारा-तेरा वर्षं झाली. उघडलंच नाही कधी."

तेराही मागच्या सीटवर ठेवून ते गाडीत बसले. वीस मिनिटांनी मी कचरा टाकायला बाहेर आले तर गाडी तिथेच, आणि दादा स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून वाचत होते. मी हाक मारली नाही.

त्या शनिवारी सभागृहातलं रिकामं कपाट आम्ही परत केलं. दोनशे अकरा पुस्तकं लोकांच्या घरी होती. एकही रद्दीत गेलं नाही.