टेम्पोतली शेजारची जागा

‘निशाताईंनी आमचा टेम्पो स्वतः चालवून पाहिला. मी शेजारीच बसलो होतो. प्रसिद्धीचे काम त्यांच्याच एजन्सीला द्यायचे, हे मी तिथेच ठरवले.’ आमच्या टेम्पो कारखान्याच्या स्मरणिकेत माझे जुने सहकारी सबनीस यांनी असे लिहिले आहे.

काल स्मरणिकेच्या प्रकाशन समारंभात निशाताईंनी सबनीसांचा हात कृतज्ञतेने दोन्ही हातांत धरला आणि माझी नजर त्या हातांवरून हलेना. मला हेवा वाटला, हे मी नाकारत नाही. एखाद्याचे गुण सर्वांआधी ओळखण्याचा क्षण आयुष्यात क्वचित येतो, आणि तोच दुसऱ्याच्या नावावर छापलेला पाहणे फार जड जाते.

“अहो, द्या ना सोडून आता,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“सोडतो. आधी त्यांना माझी जागा सोडू दे!”

निवडीच्या दिवशी इतर एजन्सींनी सभागृहात रंगीत चित्रे दाखवली. एकट्या निशाताईंनी किल्ली मागितली. मी मागच्या हौद्यात वजनासाठी ठेवलेल्या सिमेंटच्या गोण्यांवर बसून, केबिनच्या मागच्या खिडकीतून त्या मला विचारत असलेले नेमके प्रश्न ऐकत होतो, आणि निवड तिथेच केली. सबनीसांनी काहीही लिहावे. चाचणीच्या त्या टेम्पोत चालकाशेजारचे आसन अजून बसवलेलेच नव्हते.