पत्र न जाणाऱ्या वाटा

तोकुइची अडतीस वर्षं आमच्या बेटावर पोस्टमन होता. लाल फटफटी, पांढरं हेल्मेट आणि पोटात गावभरच्या चौकशा. कुणाचं पत्र आलं हे इतर गावांत लोक पोस्टमनला विचारतात, इथे सगळं उलटं. पाकीट हातात देऊन हा आपला दारातच उभा. "लेकाचं दिसतंय? काय म्हणतोय? नागासाकीत थंडी पडली का?" त्याची बायको मात्सुए कपाळाला हात लावायची. "अहो, कुठे कुठे नाक खुपसाल?"

निवृत्त झाल्यावर आम्हाला वाटलं, आता बसेल धक्क्यावर गळ टाकून. छे! त्याने सायकल घेतली. म्हणाला, "जन्मभर मी फक्त पत्र जाणाऱ्या वाटा पाहिल्या. जिला घरच नाही ती वाट कुठे जाते, हे न कळता मी मरायचं होय?" बेटाचा नकाशा त्याने भिंतीला ठोकला आणि पाहून झालेली वाट लाल पेनाने रंगवायला लागला. एका वाटेवर जुनी चुनाभट्टी सापडली. एक वाट तर अर्धा दिवस फिरून फिरून माझ्याच परसातल्या रताळ्यांत निघाली, तेव्हा काय हसलो आम्ही! सहा वर्षांत सगळा नकाशा लाल झाला. राहिली फक्त खिंडीपलीकडची हिनोउराची वाट. ती वस्ती तो नोकरीला लागण्याआधीच उठून गेली होती, तिथलं एकही पत्र त्याच्या हाती कधी आलं नव्हतं.

तिकडेच निघाला होता मार्चमध्ये. वाटेवर कॅमेलियाच्या फुलांचा सडा पडलेला, वर पाऊस. चाक घसरलं आणि स्वारी थेट चरात. मनगट मोडलं, चाक वाकलं. प्लास्टर घालून घरी आला आणि सुनेला म्हणाला, "कंटाळा आला मला त्या सायकलीचा. नाओसून टाक ती."

आता ही सून, चिहारु, टोकियोची. नव्या वर्षालाच इकडे राहायला आलेली. आमच्याकडे 'नाओस' म्हणजे उचल आणि ठेव आत, पुन्हा दिसता कामा नये. टोकियोत 'नाओस' म्हणजे दुरुस्त कर. "बरं, बाबा," म्हणून पोरीने मान डोलावली आणि सायकल मागच्या खोपटात नेली.

तिने जन्मात पाना धरला नव्हता. फोनवर बघून बघून शिकली. बोटीने आरे मागवले, दोनदा चुकीचे आले. बोटं सोलवटली, पण हटली नाही. मात्सुएला घोटाळा लगेच कळला, पण बाई मिठाची गुळणी धरून बसली. तिला वेगळीच धास्ती होती. प्लास्टर निघून महिना झाला, तरी नवरा टीव्हीसमोरून हलेना. नव्या पोस्टमनला त्याने एकही प्रश्न विचारला नाही. चौकशा बंद पडल्या की हा माणूस संपला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जूनमध्ये एका सकाळी सायकल दारात उभी, नव्यासारखी लखलखीत.

"बाबा, नाओसली!"

"मी नाओस म्हणालो होतो!"

"हो, मग नाओसलीच की!"

मात्सुए पोट धरून हसायला लागली. मग कुठे चिहारुला खरा अर्थ कळला. ती कानापर्यंत लाल झाली. "अगं बाई! आत ठेवू का मग?"

तोकुइची सायकलपाशी आला. वाकून चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग म्हणाला, "हे आरे कसे गं ताणलेस? कुणी शिकवलं? आधी कुठल्या बाजूचे?"

मात्सुए उठली आणि भाताचे मुटके बांधायला आत गेली.

दोघं हिनोउराच्या वाटेला निघाली, चिहारु सासूच्या टोपलीवाल्या सायकलवर. तोकुइची मात्र सायकल हातात धरूनच चालत होता. "मनगट दुखतंय," म्हणे. खिंडीच्या अलीकडे दगडावर बसला. "तू ये जाऊन. काय आहे ते सांग मला."

ती अर्ध्या तासात परत आली, शेजारी बसली आणि शांतपणे मुटका खायला लागली.

"काय आहे गं तिकडे?"

"नाही सांगत."

"अगं, सासरा आहे मी तुझा!"

"म्हणूनच. उठा."

शिव्या घालत उठला, पण उठला. पलीकडे दगडी बांध होते, झाकलेली विहीर होती, चार-सहा जोती होती आणि खाली समुद्र.

"एवढंच?"

"एवढंच."

तो हसत सुटला. "तू नुसतं सांगितलं असतंस ना, तर मला खरं वाटलं नसतं. काहीतरी बघायचं राहिलं तुझं, असंच म्हणत बसलो असतो." मग तासभर नुसता हुंदडला. विहिरीचं झाकण सरकवून ओरडला, कुणाची चूल कुठे असेल ते चिहारुला दाखवलं. किती दिवसांनी त्याला इतकं बरं वाटत होतं.

परतताना उताराच्या तोंडाशी तो थांबला, हँडल घट्ट धरून.

"मनगट केव्हाच बरं झालंय माझं," तो म्हणाला. "कंटाळाही नाही आलेला. भीती वाटते मला, चिहारु." हे त्याने मात्सुएलाही सांगितलं नव्हतं.

"मलाही वाटते. टोकियोत कुठे असले उतार?"

"मग गं?"

"मग काय, ब्रेक दाबत जाऊ."

त्याने एकदा खाली पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सीटवर टांग टाकली.

"तू मागून ये," तो म्हणाला. "पडलो तर उचलायला कुणीतरी हवं."

आणि जमिनीवरचा दुसरा पाय त्याने उचलला.