साहेबाच्या हिरवळीची परीक्षा

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत मी साहेबाच्या कचेरीत कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट. पुष्कळ वर्षे मी ती कोणाला सांगितली नाही. बायकोलाही अर्धीच ठाऊक आहे.

साहेबाच्या बंगल्यापुढे हरळीची मोठी हिरवळ होती. चैत्र-वैशाखात सारा मुलूख करपून जाई, पण ती जागा हिरवीगार असे, कारण माळी रोज संध्याकाळी तिला पाणी देई. हरळी कापायला एक बाई येत. धुळ्याकडच्या. नवरा इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, त्याच्या बदलीबरोबर इकडे आलेल्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणत असू. दिवस उगवताना, गवत ओले असताना त्या उकिडव्या बसत आणि विळ्याने अशी कापणी करत की हात फिरवला तर गालिचा वाटावा. कापलेल्या गवताचा भारा त्यांचा. तसे कोणी ठरवून दिले नव्हते, पण माळ्यापासून शिपायापर्यंत सर्वांना ते मान्य होते. त्या भाऱ्यावर उन्हाळ्यात त्यांची म्हैस जगे, आणि त्या म्हशीचे दूध आमच्या घरी येई. साहेबाला यातले काही माहीत नव्हते.

एका उन्हाळ्यात साहेबाने यंत्र घ्यायचे मनात आणले. मुंबईच्या एका दुकानाचा माणूस तीन यंत्रे नमुन्याला घेऊन उतरला. एक हाताने ढकलायचे, एक पेट्रोलचे, एक विजेचे. साहेबाने मला सांगितले, तिन्ही यंत्रे आणि विळा यांची परीक्षा घे आणि लेखी अभिप्राय दे. त्याच महिन्यात हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती आणि ती कोणाला द्यायची हे साहेबाच्या हातात होते. पेट्रोलच्या यंत्राभोवती तो किती कौतुकाने फिरत होता, ते मी पाहिले होते.

दुकानाचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "रावसाहेब, एवढं करा. गवत कोरडं ठेवा. ओलं असलं की पाती गुंततात आणि आमची फजिती होते."

मी माळ्याला आदल्या संध्याकाळी पाणी देऊ दिले नाही. परीक्षेची वेळ सकाळी दहाची ठेवली.

अक्का आल्या, बसल्या, विळा घातला आणि थांबल्या. "भाऊ, आज पानी नही दिधं का? गवत तारसारखं व्हई गयं."

"राहून गेलं असेल," मी म्हणालो.

विळा घसरू लागला. कुठे हरळी मुळासकट उपटून येई, कुठे तशीच उभी राही. मग यंत्रे निघाली. विजेच्या यंत्राची रबरी तार गुलाबांच्या वाफ्यांत अडके, आणि साप सोडवावा तशी माळी ती लांब काठीने सोडवी. पेट्रोलचे यंत्र धूर सोडत, बंगल्याच्या काचा हलवत सुटले. कान बधिर झाले. तेवढ्यातही अक्का त्या दुकानवाल्याला म्हणाल्याच, "तुन्हा हाऊ रेडा भारी हंबरस रे दादा. पन दूध देस का?" माळी खो खो हसला. साहेबाने विचारले, काय म्हणते ही? मी सांगितले, यंत्र छान आहे म्हणते.

खरे सांगायचे तर घरच्या हिरवळीला हातयंत्रच उत्तम होते, आणि आजही माझे तेच मत आहे. ढकलताना घाम निघतो, पण कापणी सारखी होते, तार नाही, धूर नाही. त्याच्या पुढच्या पेटीत बारीक गवत जमा होई. त्याला कसला वास नव्हता, अक्कांना ते सहज नेता आले असते. साहेबाचे आणि अक्कांचे, दोघांचेही भागले असते. मी अभिप्रायात लिहिले की हातयंत्राने माळी थकतो, विजेचे जोखमीचे आहे, विळ्याने गवत उपटते; सबब पेट्रोलचे घ्यावे. पाण्याचा उल्लेख केला नाही. भाऱ्याचाही नाही.

यंत्र आले. हेडक्लार्कची जागा मला मिळाली. माळ्याने दयेने गोळा करून ठेवलेला चुरा अक्का दोन-तीन दिवस घेऊन गेल्या, मग तो परत आणून कुंपणाशी ओतला. त्याला पेट्रोलचा वास येत होता. "मनी म्हैस याले तोंड लावत नही," एवढेच म्हणाल्या. पंधरा दिवसांनी त्यांनी म्हैस वरणगावच्या बाजारात नेली. आमच्या घरी दूध दुसरीकडून येऊ लागले.

मला राहवेना. एका रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. रिकाम्या गोठ्यात त्या गोवऱ्या रचत होत्या. पाणी मीच बंद करवले, हे मी सांगितले. त्यांचा हात थांबला नाही.

"ते माले त्याच दिनले समजनं," त्या म्हणाल्या. "माळीनी सांगं."

"चूक झाली, अक्का."

"माले कसाले सांगतस, भाऊ? ज्याले सांगानं शे, त्याले सांगा."

म्हैस गेली होती, पण उन्हाळा सरायचा होता आणि साहेबाचा शब्द चालत होता. हातयंत्र घेऊन गवत अक्कांना द्या, एवढे म्हटले असते तर नवी म्हैस नाही तरी एखादी शेळी उभी राहिली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंगल्यावर गेलो. वाक्ये पाठ करून गेलो होतो. साहेब व्हरांड्यात चहा पीत होता. मला पाहताच उठला, हाताला धरून हिरवळीपाशी घेऊन गेला आणि यंत्राने पाडलेले फिके-गडद पट्टे दाखवून त्याने विचारले, कसे दिसते?

मी म्हणालो, "फार सुंदर, साहेब."

त्याने मला चहा दिला. तो मी प्यायलो.