गिटारच्या ब्रिजवर सगळ्यांचा संशय

दुकानात दोन गोष्टी न मागवता येतात, धूळ आणि किस्से. धूळ रोज सकाळी फडक्यानं झटकता येते. किस्से मात्र साठतच जातात, अन् एखादं ओळखीचं गिऱ्हाईक चहाला टेकलं की वरचा ढीग घसरून खालचे बाहेर येतात.

माझं दुकान लातूरला. आधी नुसते पाइप, मोटारी, पंपाचे स्पेअर. पुढे लेकीला गिटारचा नाद लागला, तिच्यामुळं मला लागला, आणि दुकानाच्या एका भिंतीवर वाद्यं चढली. रिपेअरिंग कुणी शिकवलं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, उघडायचं, जोडायचं. पहिल्या दोन गिटारी घरच्याच होत्या, त्यामुळं तक्रार बाहेर गेली नाही.

हे किस्से लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यातले. नळाला पाणी कधीमधी यायचं, संशय रोज यायचा. टँकरवाला शेजाऱ्याला दोन बादल्या जास्त देतो, हा संशय. शेजारी मोटर लावून ओढून घेतो, हा संशय. अशात उदगीरहून मिलिंद त्याची गिटार घेऊन माझ्याकडे आला.

* * *

मिलिंद उदगीरला शाळेत क्लार्क. जयंतीच्या दिवसांत नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात भीमगीतांना गिटार वाजवायचा. ऑर्केस्ट्राचे मालक आणि मुख्य गायक गौतमदादा. त्यांनी त्याला सांगूनच टाकलं होतं, "यंदाचा प्रोग्राम तुझ्याच गावात हाय म्हणून तुला ठेवलंय. गिटार पुन्हा सुरातून उतरली तर जागा दुसऱ्याची."

गिटार चिनी, स्वस्तातली, दिसायला लालभडक. वाजायला वाईट नव्हती. पण तारा खाली जिथं अडकतात त्या ब्रिजला एक दांडी असते. दांडी दाबली की सूर लचकतो, सोडली की जागेवर यायला पाहिजे. हिचा सूर लचकायचा आणि तिकडंच मुक्काम करायचा.

बॅगेच्या चेनला मिलिंदनं बारकं पितळी कुलूप लावलेलं होतं. मी म्हणालो, "आमच्यावर विश्वास नाही का रे?"

"तसं न्हाई काका. आमच्या घरी पाण्याच्या टाकीला पण कुलूप हाय."

"मग?"

"घरात आम्ही चौघंच राहतो."

* * *

माझ्या खिशात कायम एक चुंबक असतो. पंपाच्या धंद्यातली सवय. पितळी म्हणून दिलेला पार्ट चुंबकाला चिकटला तर आत लोखंड, वर मुलामा. माणूस ओळखायला वेळ लागतो, पार्ट लगेच ओळखू येतो.

गिटारचं मागचं झाकण काढलं आणि ब्रिजच्या पोटातल्या ठोकळ्याला चुंबक लावला. चिकटला नाही.

"हे बघ, लोखंड नाही. जस्ताचं ओतीव काम आहे. हलकं. दांडीचे आटे पण झिजलेत. इथं स्टीलचा ठोकळा पाहिजे."

मिलिंदनं माझ्या हातातला चुंबक घेतला आणि दुकानातल्या वस्तू तपासायला लागला. काउंटर तपासला, कात्री तपासली, शेवटी मी त्याला दिलेला चहाचा स्टीलचा ग्लास तपासला. चिकटला नाही.

"काका, ग्लास पण जस्ताचा?"

"ते स्टेनलेस आहे बाबा. चांगलं स्टेनलेस चिकटत नाही."

"म्हंजे ग्लास चिकटत न्हाई म्हणून चांगला, अन् ठोकळा चिकटत न्हाई म्हणून खराब." त्यानं चुंबक परत काउंटरवर ठेवला. "मग हा चुंबक नेमकं सांगतो तरी काय?"

मी चहा पिऊन टाकला.

* * *

स्टीलच्या ठोकळ्याच्या नव्या ब्रिजचा माझा भाव ऐकून तो म्हणाला, "विचार करून सांगतो." विचार कसला, बाहेर पडल्या पडल्या त्यानं परस्पर ऑनलाइन मागवला. काका मधले पैसे खातात, हा संशय. अगदीच खोटा नव्हता.

त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा होती. आज होतो, उद्या होतो. दोन-चार दुकानांच्या पाट्यांवर 'जि. उदगीर' रंगवूनही झालं होतं. मिलिंद तर जिल्हा मागणाऱ्यांच्या मोर्चात पहिल्या रांगेत असायचा. मग पार्सलच्या पत्त्यात 'जि. लातूर' लिहायला त्याचं बोट कसं धजावणार? त्यानं 'जि. उदगीर' लिहिलं.

आठ दिवस पार्सल कुठं कुठं फिरून जिथून निघालं तिथं परत गेलं. कारण लिहिलं होतं, पत्ता सापडला नाही. मिलिंद माझ्याकडे आला तो तोंड पाडून.

मी म्हणालो, "एवढ्यापुरतं लातूर लिहिलं असतंस तर काय झालं असतं?"

"काका, सरकारनं पार्सल बघून जिल्हा दिला असता तर?"

* * *

मग मी मागवला. इथं मात्र चूक माझी, आणि ही पहिल्यांदाच लिहून देतोय.

मिलिंद म्हणत होता, "मोजून घ्या काका." मी म्हणालो, "अरे, स्टँडर्ड साइज आहे. इतकी वर्षं फिटिंग विकतोय मी."

ब्रिज आला. झकास, चकचकीत, वजनदार. गिटारच्या लाकडात सहा भोकं, ब्रिजच्या पत्र्याला सहा भोकं. पहिला स्क्रू गुमान बसला. दुसरा जरा दाबून. तिसऱ्याला मी घाम पुसला. सहाव्या स्क्रूपर्यंत जाईस्तोवर भोकं एकमेकांपासून चांगली हरभऱ्याएवढी सरकली होती.

झालं असं की, पाइपच्या धंद्यात अर्ध्या इंची पाइप कुठूनही मोजा, अर्धा इंच कधीच भरत नाही. ते नुसतं नाव. पण कुठलाही अर्ध्या इंची नळ कुठल्याही अर्ध्या इंची पाइपाला बसतो. त्यामुळं आमच्यात मापाला कुणी विचारत नाही, नाव विचारतात. गिटारमध्ये नाव एकच आणि मापं दोन, अमेरिकेची भोकं लांब लांब, चीनची जवळ जवळ. मोजायचा व्हर्नियर माझ्याच ड्रॉवरमध्ये होता.

मिलिंदनं हळूच विचारलं, "काका, चुकून मागवला का मुद्दाम?"

"पाठवणाऱ्यानं घोळ घातला," मी म्हणालो.



* * *

प्रोग्रामला चार दिवस उरले. नवीन मागवायला वेळ नव्हता. मी म्हणालो, वरचा पत्रा जुनाच ठेवू, म्हणजे भोकांचा प्रश्न मिटला. नव्या ब्रिजचा ठोकळा ह्या पत्र्याला जुळत नाही, म्हणून खालचा ठोकळा तेवढा स्टीलचा बनवून घेऊ. गिटार घेऊन आम्ही औसा रोडला रशीदभाईंच्या लेथवर गेलो. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे सगळं काम बोअरच्या मोटारींचं, बसायला जागा नव्हती. तरी माझ्या शब्दाखातर त्यांनी ठोकळा हातात घेतला, फिरवून बघितला.

"हे करतं काय?"

मिलिंद म्हणाला, "भाई, दांडी दाबली की सूर हालतो."

"अन् सोडली की?"

"जागेवर येतो."

"मग दाबता कशाला?"

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. मी मोटारींकडे बघितलं.

रशीदभाईंनी कोपऱ्यातून शाफ्टचा एक जाडजूड तुकडा काढला. किल्लारीकडच्या भंगारवाल्याकडून आणलेला. मिलिंदनं माझा चुंबक मागून घेतला, लावला, टकदिशी चिकटला. तरी समाधान नाही. "भाई, हे नवं हाय का?"

"नवं न्हाई. ह्यानं लई वर्सं ऊस पिळला. तुमच्या सहा तारा ह्याचं काय वाकडं करणार?"

आता मिलिंदला नवीन संशय आला. हा चांगला तुकडा दाखवून दुसराच कापला तर? त्यानं खिळा घेतला आणि शाफ्टवर 'मि' असं खोल कोरलं. मग स्टूल घेऊन लेथसमोर बसला. मध्येच शाळेतून फोन आला म्हणून पाच मिनिटं बाहेर गेला. परत आला तोवर तुकडा चारी बाजूंनी सोलून चांदीसारखा झाला होता.

"भाई, माझी खूण कुठंय?"

रशीदभाईंनी लेथखालच्या किसाच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "तिथं हाय. हुडकून घ्या."

* * *

ठोकळा बसला. तारा चढल्या. सूर लागला. फक्त दांडी आत जाईना. फिरवावी तशी बाहेरच येत होती. मी भिंग लावून आत बघितलं तर आटे उलटे!

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "पंपाला आम्ही उलटेच मारतो शेठ. फिरता फिरता ढिलं व्हाया नको."

"रशीदभाई, गिटार फिरत नाही."

"मला काय माहीत. स्टेजवर ह्यो नाचत असंल."

पुन्हा ठोकळा करायला वेळ नव्हता. मग त्यांनी उलट्या आट्यांची दांडीच नवीन करून दिली. मला वाटलं आता मिलिंद भांडणार. पण त्यानं दांडी दोन-तीनदा काढली, घातली, आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

"काका, दुसरा कुणी काढाया गेला तर आणखीच घट्ट बसंल की."

* * *

जयंतीच्या प्रोग्रामला मी आणि रशीदभाई उदगीरला गेलो. रशीदभाईंना त्यांचा ठोकळा वाजताना ऐकायचा होता. मंडप गच्च भरलेला. पुढच्या खुर्च्यांत मिलिंदची आई, शाळेचे हेडमास्तर, सगळी गल्ली. आणि त्याच रांगेत नांदेडहून आणलेला एक माणूस, मांडीवर गिटारची बॅग घेऊन. तो कशासाठी आणलाय हे मंडपात सगळ्यांना माहीत होतं. मिलिंदला तर होतंच.

गौतमदादांचा आवाज खडा. पहिली दोन गाणी उचलून धरली लोकांनी. मिलिंद दांडी दाबत होता, सोडत होता, मान हलवत होता. पायाजवळच्या छोट्या स्पीकरमध्ये त्याला त्याचं वाजवणं ऐकू येत होतं. आम्हाला मात्र ढोलकीच जास्त ऐकू येत होती.

रशीदभाईंनी मला कोपरानं ढोसलं. "शेठ, आपलं वाजून राहिलं का न्हाई?"

"वाजत असेल. गर्दी आहे."

तिसऱ्या गाण्यात काहीतरी बिघडलं. कडव्याच्या शेवटी सूर असा काही घसरला की लहान लेकरांनीही माना वर केल्या. दादांनी हात वर करून गाणं थांबवलं. माइक तसाच हातात होता.

"ए गिटार, उतरलास. मला म्हाईतच होतं."

मिलिंदनं एकेक तार वाजवून पायाजवळच्या स्पीकरला कान लावला. "दादा, सूर जागेवर हाय."

"मला कान हायत." दादांनी खाली बघितलं. पुढच्या रांगेतल्या माणसानं बॅगेची चेन अर्धी उघडली. मिलिंदच्या आईनं पदर तोंडाला लावला. मिलिंद गिटारचा पट्टा खांद्यावरून काढायला लागला.

साउंडवाला होता व्यंकट, देगलूरचा. मंडपाच्या पार मागं मशिनीवर बसलेला. एवढ्या लांबून ओरडण्यापेक्षा त्यानं समोरचा माइक उचलला, आणि त्याचा आवाज सगळ्या स्पीकरांतून अख्ख्या मंडपात घुमला.

"दादा, मोठ्या स्पीकरांत गिटार तर बंदच हाय. सकाळीच तुम्ही सांगितलं न्हवं का, ह्याचा भरवसा न्हाई, आवाज चालू करू नको म्हणून. मी अजून चालूच केली न्हाई."

दादांनी उपरण्यानं मान पुसली. व्यंकटकडे बघितलं. बॅगवाल्याकडे बघितलं. मग मिलिंदच्या हातातल्या गिटारकडे बघत राहिले.

"व्यंकट, गिटार चालू कर."

मग ते चार पावलं चालत मिलिंदपाशी गेले, माइक बाजूला धरला, पण तो अजून चालूच होता.

"मिलिंदराव," दादा म्हणाले, "जरा सूर द्या."