सातवा फर्मा

टाकेबाईने देवाच्या पुस्तकात माकड शिवलं, अशी कुजबूज आमच्या गल्लीत एकेकाळी फार होती. कुणी म्हणे, लेकीच्या नादी लागून शिवलं. कुणी म्हणे, शिवताना ती गालातल्या गालात हसत होती. आता टाकेबाईला हसताना पाहिलेला माणूस गल्लीत शोधून सापडला नसता, पण अफवेला साक्षीदार लागत नाही. ही अफवा मी उठवली नाही. माझ्यापाशी आली तेव्हा ती लंगडत होती, मी तिला दोन पाय लावून पुढे धाडलं एवढंच. म्हातारपणी माणसाने कुणाच्या तरी उपयोगी पडावं.

टाकेबाई हे तिचं आडनाव नव्हे. ती पुस्तकं बांधायची. छापखान्यामागच्या बोळात तळमजल्यावर तिची एक लांबट खोली, खिडकी एक, टेबलं दोन, कोपऱ्यात सरसाचं भांडं. छापखान्यातून कागदाचे मोठे ताव यायचे. घड्या घातल्या की एका तावाचा सोळा पानांचा एक फर्मा होई. मग फर्मे क्रमाने जुळवायचे, दोऱ्याने शिवायचे, पाठीला सरस लावायचा, वर पुठ्ठा. एकतीस वर्षं हे काम तिने ओढलं, लेक तान्ही असताना नवरा गेला तेव्हापासून एकटीने. एकतीस वर्षांत एक फर्मा उलटा लागला नाही, एक पान मागेपुढे झालं नाही. हे मला कसं ठाऊक, तर ती स्वतः सांगायची. दर माणसाला, न विचारता.

बाकीच्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. तिचा बोटांच्या टोकांवर होता. घडी दाबायला तिच्याकडे हाडाची एक गुळगुळीत पट्टी होती, तिला ती नुसतंच ‘हाड’ म्हणायची. रागावली की हे हाड हवेतून जायचं. छापखान्याच्या मालकाच्या कानशिलाजवळून ते दोनदा गेलंय. तरी तो काम तिच्याकडेच आणायचा, कारण तिचं पुस्तक दोन्ही पुठ्ठे धरून झटकलं तरी हूं की चूं करत नसे.

आणि बाई होती पक्की भाविक. प्रार्थनाघरात पहिल्या बाकावर भिंतीकडची जागा तिची. बाकीचे डोळे मिटून डुलक्या घेत, ही डोळे मिटून देवाची झडती घेई. देवाशीसुद्धा चढ्या आवाजातच बोलायची. पण प्रार्थनेचं पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तोंडपाठ.

तिची लेक पंधरा वर्षांची, दहावीत. वर्गात तिला कावळी म्हणत, कारण दिवसभर का, का, का. शाळा प्रार्थनाघराच्याच समितीची. पुस्तकं मात्र सरकारी. त्या वर्षी विज्ञानाच्या सरांनी उत्क्रांतीच्या धड्याशी येऊन एकदम सोळा पानं उलटली.

“हा धडा घरी वाचा.”

“का, सर?” कावळीने विचारलं.

“परीक्षेला येत नाही.”

“गेल्या वर्षी पाच मार्कांना होता.”

“पाच मार्कांसाठी देव सोडशील का?”

“सोडायचा कशाला? आपण रोज म्हणतो ना, एका श्वासात तू सारे घडविलेस. तो श्वास किती लांब होता, हे कुठे लिहिलंय? देवाचा श्वास आहे, सर. असेल कोट्यवधी वर्षांचा. दम्याचा थोडाच आहे.”

वर्ग फिदीफिदी हसला. सरांना दमा होता.

आता पोरीला ते माहीत होतं की नव्हतं, यावर आम्ही आठवडाभर चर्चा केली. सर सरळ समितीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी. बोलणंही मालासारखं, एकदा बसलं की हलायचं नाही. त्यांनी टाकेबाईला बोलावून सांगितलं, “लेकीला आवरा.” असं तिला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ती घरी आली ती धुमसतच. खिडकी उघडी होती आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

“सरांच्या दम्यावर बोललीस?”

“मी श्वासावर बोलले. दमा त्यांनी लावून घेतला.”

“आणि ते माकड?”

“माकड पुस्तकात आहे, आई. सरकारने छापलंय.”

“सरकारने छापलं म्हणून खरं होतं?”

“मग अध्यक्षांनी छापलं म्हणून होतं?”

हाड उडालं. भिंतीवर आपटलं, खाली पडलं. कावळीने ते उचलून परत टेबलावर ठेवलं, एवढी सवय दोघींना होती.

“माझ्या आजीला माकड म्हणायचं नाही,” टाकेबाई म्हणाली.

“पणजीला कोण म्हणतंय? तिच्या आजीच्या आजीच्या आजीच्या—”

“तिलाही नाही.”

याच दिवसांत छापखान्याने दोन कामं एकदम दिली. एक समितीचं, प्रार्थनेच्या पुस्तकाची नवी आवृत्ती. दुसरं सरकारी, विज्ञानाचं पाठ्यपुस्तक. मालकाला कागदाचा एक मोठा गठ्ठा स्वस्तात मिळाला होता, त्याने दोन्ही पुस्तकं त्याच कागदावर, त्याच आकारात उरकली. फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक खूण असते, तिच्यावरून जुळवणी होते. प्रार्थनेच्या फर्म्यांवर ‘प्रा’ आणि आकडा, विज्ञानाच्या फर्म्यांवर ‘वि’ आणि आकडा. टाकेबाई टेबलांवर गठ्ठे मांडायची, संध्याकाळी शाळेतून आल्यावर कावळी टेबलाभोवती फिरून एकेक फर्मा उचलायची, आई शिवायची. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यामुळे काम झपाट्याने झालं.

नव्या पुस्तकांनी प्रार्थना व्हायची त्या सकाळी प्रार्थनाघर भरलं होतं. वाचन अध्यक्षांकडे. त्यांचं पाठांतर शून्य, पण आवाज मोठा. ते रंगात आले. “एका श्वासात तू सारे घडविलेस. पाण्याला वाट दिलीस, पक्ष्याला पंख दिलेस, आणि माणसाला” — इथे पान संपतं. त्यांनी बोट ओलं केलं, पान उलटलं आणि त्याच भक्तिभावाने वाचलं, “पूर्वी शेपटी होती. तिचा अवशेष म्हणजे माकडहाड.”

ज्याला पाठ असतं तो थांबला असता. अध्यक्ष पुढे आणखी दोन ओळी गेले. पहिल्या बाकावर डोळे मिटलेल्या टाकेबाईने खड्या आवाजात खरी ओळ म्हटली, “बोलण्याला शब्द दिलास.” दोन्ही आवाज छताला जाऊन भिडले. मग मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. कोण ते मी सांगणार नाही, माझ्या बाकावर तेव्हा चौघे होतो.

मोजणी झाली. पंचवीस पुस्तकांत सत्त्याण्णव ते एकशेबारा ही पानं विज्ञानाची निघाली. नेमका तोच धडा, ज्यावरून कावळीने वर्गात वाद घातला होता. जुळवणीला संध्याकाळी कोण असायचं? कावळी. मग आणखी काय शोधायचं? अध्यक्षांची चारचौघांत फजिती झाली होती, आणि फजितीला नेहमी एखादा लहान गळा लागतो.

समितीची बैठक बसली. सात जणांच्या समितीत एक जागा म्हाताऱ्यांची असते, ती माझी. छापखान्याचा मालकही होता. निर्णय आधीच टाईप होऊन आला होता: मुलीला शाळेतून काढावं. परीक्षा दोन महिन्यांवर. तेव्हा दुसरी कुठलीही शाळा तिला घेणार नव्हती. वर्ष बुडालं असतं, आणि बोळातल्या त्या खोलीतून गेलेलं वर्ष परत येत नाही. पोर सरसाच्या भांड्यापाशी बसली असती ती कायमची. हे आम्हा सगळ्यांना समजत होतं. आम्ही चहा पीत होतो.

कावळी उभी राहिली. “मी केलं नाही.”

“देवासमोर सांगतेस?” अध्यक्ष म्हणाले.

“तुमच्यासमोर सांगतेय. देवाने विचारलेलं नाही.”

“पाहिलंत?” अध्यक्ष आमच्याकडे वळले. “हा त्या धड्याचा परिणाम.”

तेवढ्यात टाकेबाई उठली. तिचा आवाज खाली होता, हे मी प्रथमच ऐकलं. “चूक माझी आहे. गठ्ठा मी मांडला. चुकून मांडला.”

“तुमची चूक?” अध्यक्ष हसले. “बाई, एकतीस वर्षं आम्ही ऐकतोय, तुमचा फर्मा चुकत नाही म्हणून. आता लेकीसाठी खोटं बोलताय, तेही या घरात.”

“खोटं नाही. चुकलं.”

“कसं चुकलं ते सांगा. काय झालं होतं तुम्हाला?”

टाकेबाईने छापखान्याच्या मालकाकडे पाहिलं. तो आपल्या कपातली साय बाजूला करत होता. मला वाटलं, आता हाड निघतंय. हाड निघालं नाही, पण आवाज परत आला, नेहमीचा.

“बरं. मुद्दाम शिवलं. मी शिवलं. झालं समाधान?”

आणि काय सांगू, झालं. मघाशी ती खरं बोलत होती तेव्हा सातही जण भिंतीकडे बघत होते, आता सातही जणांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी तर सुस्कारा सोडला.

“का शिवलं?”

“तुम्ही माझ्या पोरीला आवरा म्हणालात म्हणून. तिचं म्हणणं मला पटत नाही, सांगून ठेवते. माझ्या घराण्यात माकड नाही. पण पंधरा वर्षांच्या पोरीने प्रश्न विचारला की तुमचे दोर ढिले होतात, ही काय बांधणी झाली? मी असं पुस्तक बांधून दिलं असतं तर तुम्ही माझ्या तोंडावर फेकलं असतं. सरांना उत्तर येत नव्हतं तर ‘येत नाही’ म्हणायचं. त्याला दमा आड येत नाही.”

अध्यक्षांनी निर्णय फिरवला. मुलगी शाळेत राहील. टाकेबाईला समितीचं काम यापुढे नाही आणि पहिला बाकही नाही. ती पंचवीस पुस्तकं मात्र तिनेच उसवून नीट करून द्यायची. मी हात वर केला. बाजूने की विरुद्ध, हे मला आज धड आठवत नाही, आणि असं आठवत नसलं की उत्तर काय ते सगळ्यांना माहीत असतं. त्या बैठकीचा राग मला अजून येतो. सगळ्यात जास्त त्या चहाचा, कारण तो चांगला होता.

घरी निराळंच भांडण पेटलं.

“प्रार्थनाघरात खोटं बोललीस,” कावळी म्हणाली. ती रडत होती, पण रागाने.

“आधी खरं दिलं होतं. त्यांनी घेतलं नाही.”

“मग परत द्यायचं. शंभरदा द्यायचं. आता मला आयुष्यभर सगळे म्हणणार, हिच्या आईने देवाचं पुस्तक विटाळलं.”

“म्हणू देत. तू परीक्षेला बस.”

“मला नको असली परीक्षा.”

“तुला काय हवं नि नको ते निकाल लागल्यावर सांग. आता ते पुस्तक घे आणि वाच. मोठ्याने. मी उसवते.”

मग दोन-तीन संध्याकाळी मी खिडकीतून ते वाचन ऐकलं. आई टाके उसवायची, लेक धडा वाचायची, आणि आई एकेका वाक्याशी भांडायची. कावळी हातपाय, पंख, देवमाशाचे वल्ह्यासारखे पर यांची हाडं वाचून दाखवी, आणि टाकेबाई म्हणे, “एकाच कारागिराचं काम आहे, तर साचा एकच असणार. यात नवल ते काय?” कावळी म्हणे, “मग साचा बदलत गेला असेल.” “कारागीर हुशार असेल तर साचा बदलतो कशाला?” “तू पण बदललीस की, आधी खळ लावायचीस, आता सरस.” यावर दोरा खस्सकन ओढल्याचा आवाज.

“पुरे आता,” टाकेबाई एकदा म्हणाली. “बसून बसून माकडहाड दुखायला लागलं.”

कावळीने पुस्तक तोंडासमोर धरलं.

“म्हण, म्हण. काय म्हणायचंय ते म्हणून टाक.”

“मी कुठे काय म्हटलं? तूच म्हणालीस.”

“हाडाचं नाव आहे ते. नावाने काय होतं?”

“काहीच होत नाही, आई.”

कावळी परीक्षेला बसली. त्या वर्षी तो धडा पाच मार्कांना आला. पाचही मिळाले. ज्या पंचवीस विज्ञानाच्या पुस्तकांत धड्याऐवजी सोळा पानं प्रार्थना गेली होती, ती दुसऱ्या गावच्या शाळांत वाटली गेली. एकाही मुलाची तक्रार आली नाही. परीक्षेच्या तोंडावर प्रार्थना हाताशी असलेली बरी, असं त्यांना वाटलं असावं. टाकेबाई पुढे प्रार्थनेला मागच्या बाकावर बसू लागली, माझ्या शेजारी, आणि माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. तिने बरंच केलं.

पुढच्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला सांगितलं. टाकेबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, दोन वर्षांपासून. छापखान्याचा मालक काम दुसरीकडे नेईल म्हणून तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. सात हा आकडा तिने वाचला होता. त्याआधीचं ‘वि’ तिला दिसलं नाही.