पचवलेली धूळ

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळायला जाते. नवी बाई कामाला आली की पहिले काही दिवस शिंकून, ओकून हैराण होते. मग आई तिच्या तळहातावर आपल्या डबीतली चिमूटभर मिश्री ठेवते. "दातावर फिरव गं. आठ दिसांत सवय हुती अंगाला." सवय होतेही. बाई मुकाट चाळू लागते.

शाळेत असताना मी वखारीच्या दारात वाटायला पत्रक लिहिलं होतं. मजुरी वाढवा, पाणी द्या, आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'मालकांनो, आमच्या आयांनी तंबाखूची धूळ पचवली आहे, त्या तुम्हाला घाबरणार नाहीत.' आईनं ते घडी घालून ट्रंकेत ठेवलं.

पुढं बेळगावच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर पेशी काढली. जळलेल्या तंबाखूतली द्रव्यं आत शिरली की एरवी सुस्त असलेली काही जनुकं कामाला लागतात, विष मोडणारी प्रथिनं बनवतात. पेशीसुद्धा लढते, असं मी वहीत खुशीत लिहिलं. मग बाई म्हणाल्या, मोडता मोडता काही विषं आणखी जहाल होतात आणि डीएनएलाच चिकटतात.

माझं पेन थांबलं. मिश्री म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळा होईतो भाजलेला. नाक शिंकायचं थांबलं, एवढीच ती सवय. आत काय चाललंय ते नाकाला कुठं कळतं?

सुट्टीत घरी गेले आणि आईला तोंड उघडायला लावलं. गालाच्या आत पांढरा चट्टा.

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं आसंल. तिखट लागलं की चुरचुरतंय, दुसरं काय न्हाय."

"उद्या बेळगावला जायचं. तुकडा काढून तपासत्यात."

"मला काय हुतंय? सवय हाय अंगाला."

मी फळ्यावरचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि ट्रंकेतून पत्रक काढलं. तिला वाचता येत नाही, पण शेवटच्या ओळीवर बरोबर बोट ठेवलं. "धूळ पचवली आहे. तूच लिवलंस न्हवं? तवा खोटं लिवलंस, का आता खोटं बोलतीयास?"

"तवाचं खोटं, आई."

तिनं पत्रकाची पुन्हा घडी घातली.

"आन् ज्यांच्या हातावर मी मिश्री ठिवली, त्या बायका गं?"

मी तिच्या हातातलं पत्रक घेतलं.

"आता खरं काय ते लिव, उद्या वखारीत त्यास्नी वाचून दाव. परवा येते मी तुझ्यासंगं बेळगावला."

मी तिथंच कागद घेतला. 'मागचं पत्रक चुकीचं होतं,' एवढं लिहिलं आणि वर पाहिलं. आई जिभेनं गालातला चट्टा चाचपत होती.